जुनी हॉट हॅचबॅक रोज चालवायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वीसेक वर्षं जुनी हॉट हॅचबॅक, म्हणजे साध्या हॅचबॅकची जोरदार इंजिनाची आवृत्ती, घ्यायची आहे, आणि ती रविवारी फिरवायला नाही, रोज ऑफिसला न्यायला. ऑफिस सहा किलोमीटरवर. डोळ्यांसमोर तीन गाड्या आहेत: फोक्सवॅगनची मार्क ५ (पाचव्या पिढीची) गोल्फ जीटीआय, होंडाची ईपी३ (हा मॉडेलचा कोड) सिव्हिक टाइप आर आणि रेनॉची क्लिओ १८२. परवडेल का, घेताना काय बघायचं, घेतल्यावर आधी कोणतं काम काढायचं, आणि रीमॅप करावा का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवावी का?

परवडेल, पण गाडीच्या किमतीत सगळे पैसे घालवू नका. किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत असेल तरच पुढे जा. या गाड्या नव्या असताना महाग होत्या. आज गाडीची किंमत उतरली आहे, सुट्या भागांची उतरलेली नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत येताना गाडी अशा हातात पडते ज्याला ती विकत घेणं जमलं, सांभाळणं जमलं नाही. टायमिंग बेल्ट "पुढच्या सर्व्हिसला बघू", बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं) "अजून चालतील", कूलंट "नुसतं पाणी टाक". ही सगळी थकबाकी गाडीबरोबर तुमच्या नावावर येते. ती एकदा फेडली की ही गाडी रोजच्या वापराला अगदी चालते. लोक वैतागतात ते मधल्या काळात, कारण त्यांनी गृहीत धरलेलं असतं की गाडी घेतली म्हणजे खर्च झाला.

आता त्या सहा किलोमीटरबद्दल. तुमच्या प्रश्नात ही गोष्ट ओघात आली आहे, पण मला गाडीच्या वयापेक्षा तिची जास्त काळजी वाटते.

टेम्परेचरचा काटा मधोमध आला की इंजिन तापलं असं आपण समजतो. तो काटा कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. सहा किलोमीटरच्या सिग्नलांनी भरलेल्या रस्त्यावर ते कामाच्या तापमानाला पोचायच्या आत तुम्ही गाडी बंद केलेली असते. थंड इंजिनाला मिश्रण जाड लागतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. त्यातलं न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून निघालेली वाफही तिथेच थंड होऊन तिचं पाणी होतं. लांब पल्ल्याला हे दोन्ही तापून उडून जातं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) इंजिनात ओढलं जाऊन जळतं. रोज सहा किलोमीटर जाऊन-येऊन ते साचत राहतं. ऑइलचं झाकण उघडलंत तर आत दुधावर साय धरावी तसा पिवळट थर दिसेल. अनेकांना तो बघून हेड गॅस्केट गेल्याची भीती वाटते. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर बहुधा गॅस्केट ठीक असतं, गाडी फक्त कमी चालते आहे. पण पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला, कॅमला आणि टायमिंग चेनला हळूहळू खातं, हे खरं.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास न्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं शांतपणे, मग मोकळी सोडा. आणि ऑइल बदलताना फक्त किलोमीटर बघू नका. त्या काळच्या फोक्सवॅगनच्या लाँगलाइफ वेळापत्रकात दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत एकच ऑइल चालायचं. नव्या गाडीला, महामार्गावरच्या वापराला ते ठीक होतं. जुन्या टर्बो गाडीला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. तुमच्यासारख्या वापराला तर दर सहा महिन्यांनी बदला, भले मीटर तीन हजारच पुढे सरकलेला असो. (सहा किलोमीटरला सायकल काढलीत तर गाडी तुमचे आभार मानेल, पण तो तुमचा प्रश्न नव्हता.)

तीन गाड्यांपैकी गोल्फबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात बघण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

मार्क ५ जीटीआय २००४ मध्ये आली. २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २०० पीएस. बहुतेक गाड्यांत ईए११३ घराण्याचं बेल्टवालं इंजिन आहे आणि त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. या थेट फवारणीमुळे दोन दुखणी येतात.

पहिलं दुखणं हाय-प्रेशर पंपाचं. हा पंप सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेला असतो आणि इनटेक कॅमशाफ्टवरचा (इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा) लोब, म्हणजे उंचवटा, त्याला ढकलतो. लोब आणि पंपाचा दांडा यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी एक पोलादी वाटी असते, तिला कॅम फॉलोअर म्हणतात. झीज ती सोसते. पेट्रोलचं प्रेशर उतरवायचं, पंपाचे बोल्ट काढायचे, पंप सरळ बाहेर ओढायचा आणि मागोमाग वाटी काढून उजेडात धरायची. तिच्या तोंडावर काळा कठीण थर असतो. तो अखंड काळा असेल तर वाटी परत बसवा. मध्यभागी चकचकीत गोल दिसत असेल तर थर गेला आहे, त्याच दिवशी नवी टाका. नखाला खोलगट लागत असेल तर कॅमचा लोबही टॉर्च मारून बघा. वाटीला भोक पडलं असेल तर पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो आहे. मग कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही गेले असं समजायचं, शिवाय धातूचा चुरा ऑइलमधून सगळीकडे फिरलेला असतो. वाटी स्वस्त, काम तासाभराचं. तरीही विकायला आलेल्या गाड्यांपैकी फारच थोड्यांच्या मालकांना हे नाव माहीत असतं. मालकाला विचाराच. "कॅम फॉलोअर कधी बघितला?" या प्रश्नावर चेहरा कोरा राहिला तर भाव करताना कॅमशाफ्टचा खर्च मनात धरून बोला. दर १५,००० ते २०,००० किलोमीटरला ही वाटी बघायची. गाडी रीमॅप केलेली असेल तर त्याच्याही आधी.

दुसरं दुखणं काजळीचं. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जायचे. इथे पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही. ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि वर्षानुवर्षं थर चढत जातो. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थरथरते, स्कॅनरवर पी०३०० सारखा मिसफायरचा कोड येतो, गरम झाली की शहाण्यासारखी वागते. लोक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) बदलतात, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करतात. कॉइल या इंजिनात जातातही, म्हणून तो खर्च अगदीच वाया जात नाही. पण थर तसाच राहतो. पेट्रोलच्या टाकीत घालायच्या कोणत्याही बाटलीचा इथे उपयोग नाही, कारण ते पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुसा हवेच्या दाबाने मारतात, तो उपाय खरा. टरफल काजळी खरवडतं आणि धातूला ओरखडा पडत नाही. काम चालू असताना त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री मेकॅनिक करतो की नाही ते बघा, नाहीतर भुसा आत जाईल.

याखेरीज डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (अॅक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पडदा फाटतो आणि गाडी ओढेनाशी होते. नंतर पिस्टनवाला सुधारित भाग आला, तोच घ्या. डीएसजी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स असेल तर तो सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे. चांगला आहे, फक्त त्याला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतो. बिल हातात नसेल तर ते काम झालेलं नाही असंच धरा.

सिव्हिक टाइप आर ही अगदी वेगळ्या स्वभावाची. टर्बो नाही, थेट फवारणी नाही, बेल्टऐवजी चेन. २.० लिटरमधून २०० पीएस निघतात, पण ७,४०० आरपीएमला. गिअर खाली घेऊन इंजिन वर फिरवल्याशिवाय ती काही देत नाही. शहरात ती साध्या सिव्हिकसारखी चालते, आणि रोजच्या वापरात हे वरदानच समजा. हिचा जीव ऑइलच्या पातळीत आहे. वर फिरवल्यावर ती थोडं ऑइल पिते. पातळी खाली गेली की व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागायचं बंद होतं, कारण ती यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. मालक तक्रार घेऊन येतो की "वरचा पिकअप गेला", आणि अनेकदा डिपस्टिक कोरडी निघते. ऑइलकडे असंच दुर्लक्ष झालं तर चेन ताणली जाते आणि थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. गिअरबॉक्स चालवून बघताना वरच्या आरपीएमला दुसऱ्यातून तिसरा टाका. कचकन आवाज आला किंवा गिअर परत बाहेर आला तर त्या गिअरबॉक्सला उघडावं लागणार. मागच्या चाकांवरच्या कमानी आतून हात फिरवून बघा, गंज तिथून बाहेर येतो.

क्लिओ १८२ तिघींत हलकी आणि चालवायला सगळ्यात मजेदार, असं माझं मत. बेल्ट मात्र पाच वर्षांनी बदललाच पाहिजे, गाडी कितीही कमी चालली असली तरी. या इंजिनात कॅमच्या आणि क्रँकच्या पुली खाचेत बसणाऱ्या पोलादी चावीने अडकवलेल्या नसतात, नुसत्या घट्ट आवळून धरलेल्या असतात. कॅम लॉक करायची खास हत्यारं नसलेल्या माणसाने बेल्टला हात लावला तर टायमिंग दोन-चार अंश सरकतं, गाडी चालू होते, पण कधीच नीट ओढत नाही. म्हणून बेल्ट "कधी" बदलला याइतकंच "कोणी" बदलला हे विचारा. सुरू करताना डिझेलसारखी टकटक आली तर डिफेझर पुली (कॅमचं टायमिंग बदलणारी पुली) गेली आहे, ती बेल्टसोबतच बदलायची.

तुमच्या सहा किलोमीटरला तिघींपैकी मी सिव्हिक घेईन. टर्बो तापायची-निवायची काळजी नाही, व्हॉल्व्हवर काजळी नाही, आणि क्लिओसारखी बेल्टची कटकटही नाही. गोल्फ सगळ्यात आरामशीर आहे, आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर मोकळा रस्ता असता तर मी तिचंच नाव घेतलं असतं.

प्रत्येक मॉडेलचं असं एखादं मर्मस्थान असतं आणि ते कोणत्याही सर्वसाधारण यादीत सापडत नाही. २००२ ते २००६ च्या सुपरचार्जरवाल्या मिनी कूपर एसमध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या गिअरवर फिरतो. त्या गिअरचं थोडंसं ऑइल संपलं की दाते झिजतात, पंप थांबतो आणि इंजिन तापून बसतं. ज्याला हे माहीत नाही तो थर्मोस्टॅट बदलत बसतो. गाडी नक्की करण्याआधी त्या मॉडेलचं दुखणं माहीत असलेला मेकॅनिक आधी शोधा. आणि १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय किंवा १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय कोणी रोजच्या वापराला सुचवली तर हसून सोडून द्या. त्या जपायच्या गाड्या झाल्या आता.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर पहिल्यांदा हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. चेनची खडखड, डिफेझरची टकटक, काजळीची थरथर, सुरुवातीचा निळा धूर ही सगळी लक्षणं थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटात दिसतात. गरम इंजिन सगळं झाकतं.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) खिशात ठेवा. कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, "रेडिनेस" बघा. गाडीचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरेंच्या चाचण्या चालता चालता स्वतःच करत असतो. कोड पुसले की या चाचण्यांच्या खुणाही पुसल्या जातात आणि त्या परत पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. सगळ्या चाचण्या "अपूर्ण" दिसत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. कारण विचारा. नंतर गाडी गरम असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त करतो आहे ते. तो शून्याच्या आसपास असायला हवा. अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर कुठूनतरी मोजणीबाहेरची हवा आत शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडतं आहे.

टायरवरून मालक कळतो. चार चाकांना चार कंपन्यांचे, मिळतील ते स्वस्तातले टायर असतील तर त्याने ऑइलही तसंच घातलेलं असणार. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी असा टायर रबर म्हणून संपला आहे.

मग गालिचे उचला. पुढच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या जागी फोम दाबून बघा. काचेखालच्या खोबणीत पानं अडकून पाण्याचा निचरा तुंबतो किंवा दाराच्या आतलं सील सुटतं, आणि पाणी गालिच्याखाली मुरतं. वरून सगळं कोरडं दिसतं. या पिढीच्या गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कधीकधी कंट्रोल युनिटही खालीच असतात. इंजिनाचं दुखणं पैसे घालून बरं होतं, ओल्या वायरिंगचं भूत महिनोन्महिने छळतं. गालिचा ओला निघाला तर मी ती गाडी सोडून देतो, कितीही स्वस्त असली तरी.

गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात जुन्या मालकाच्या शब्दावर विसंबून काहीही सोडू नका. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट हे सगळं नवं. बेल्टवालं इंजिन असेल आणि बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि पाण्याचा पंप एकाच वेळी, कारण मजुरी एकदाच लागते. ऑइल घेताना नुसतं "५डब्ल्यू-३०" बघून घेऊ नका, त्या इंजिनाला कंपनीने दिलेलं प्रमाण डब्यावर लिहिलेलं हवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरतो. उतारावर सलग ब्रेक लावल्यावर पेडल मऊ का झालं याचं उत्तर यात आहे. दर दोन वर्षांनी बदला. कूलंटमध्ये रंग बघून भर घालू नका, एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि एकत्र आली की गाळ धरतात.

कूलिंगकडे या वयात फार लक्ष हवं. थर्मोस्टॅटचं घर, पाण्याचे जोड, एक्सपान्शन टाकी हे सगळं प्लास्टिकचं. पंधरा वर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी कोणतीही सूचना न देता फुटतं. होज पाइप दाबून बघा. कडक झालेला किंवा टोकाशी फुगलेला असेल तर बदला. टाकीचं झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यातला व्हॉल्व्ह दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं, आणि माणूस गळती शोधत सगळी गाडी उघडतो.

सस्पेन्शनमध्ये या गाड्यांचं सगळं सुख आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. गाडी खडबडली की शॉक अॅब्सॉर्बर बदलतात, ते सुद्धा शॉकच्या वरचे माउंट तसेच जुने ठेवून. आवाज तसाच राहतो. खालच्या आर्मचा मागचा बुश, अँटिरोल बारच्या लिंक, टॉप माउंट हे आधी तपासा. ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला हलकं ओढत असेल तर बहुधा आर्मचा बुश फाटलेला असतो.

बुश बदलताना एक गोष्ट गॅरेजमध्ये उभं राहून बघा. गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलेला आहे, आणि मेकॅनिक त्याच स्थितीत बुशचा बोल्ट पूर्ण आवळतो आहे. इथे त्याला थांबवा. रबरी बुशची आतली नळी बोल्टने पकडली की ती फिरत नाही, फिरतं ते रबर. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्या क्षणापासून ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट हाताने लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं किंवा जॅकने आर्म त्या उंचीपर्यंत उचलायचा, मग टॉर्क पान्याने आवळायचं. "या कंपनीचे बुश टिकतच नाहीत" अशी तक्रार मी ज्या गाड्यांबद्दल ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच या एका कारणाने परत आलेल्या असतात.

टायर चांगल्या कंपनीचे घ्या. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा आणि मागचे पुढे आणा. पुढून ओढणाऱ्या गाडीला नवे टायर पुढे हवेत असं वाटतं खरं, पण मागचं टोक ओल्या रस्त्यावर सुटलं तर सावरणं फार अवघड, आणि या आखूड गाड्यांचं मागचं टोक वळणात अॅक्सिलरेटर सोडल्यावर मुळातच हलकं होतं. कमी उंचीच्या टायरांचे मोठे रिम काढून कंपनीने दिलेल्या मापांतलं लहान माप लावलंत तर खड्ड्यांत रिमही वाचतील आणि तुमची पाठही.

रीमॅपचं उत्तर: पहिलं वर्ष नाही. सिव्हिक आणि क्लिओला टर्बो नसल्याने नुसत्या रीमॅपने फारसं हाती लागतही नाही. गोल्फच्या त्याच टर्बोवर नुसत्या रीमॅपने २४० पीएसच्या आसपास सहज मिळतात, म्हणून मोह होतो. पण वाढीव दाब जुनी कॉइल, जुना डायव्हर्टर, घसरायला टेकलेला क्लच आणि ती फॉलोअरची वाटी या सगळ्यांवर एकाच दिवशी येतो. आधी गाडी कंपनीच्या मूळ स्थितीत बिनतक्रार वर्षभर चालू द्या. तोवर तिचे कच्चे दुवे कळतील. अनेकांना तेवढ्यात असंही कळतं की गाडी मुळात मंद नव्हती, आजारी होती. आणि विकत घेताना कोणाच्या तरी घरी बदल केलेली गाडी टाळा. एअर फिल्टर, सायलेन्सर, स्प्रिंग, मॅप हे सगळं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केलेलं असतं, आणि मूळ भाग सहसा मालकाकडे नसतात.

रोजच्या सवयींत फार काही नाही. सुरू केल्यावर उभ्या गाडीला रेस देत बसू नका, लगेच निघा, पण ऑइल तापेपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. टर्बो गाडी जोरात चालवून आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या. उभी करून इंजिन चालू ठेवण्यापेक्षा हे बरं. पेट्रोल हँडबुकात लिहिलेल्या ऑक्टेनचंच भरा. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर इग्निशन मागे घेऊन इंजिन वाचवतो, मात्र ताकद आणि अॅव्हरेज दोन्ही घटतं. ऑइलची पातळी दर दुसऱ्या टाकीला बघा. डिकीत एक कॉइल, एक लिटर ऑइल आणि स्कॅनर असू द्या. आणि वर्षातून चार-आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये भागाची वाट बघत उभी राहणार हे धरून चाला, कारण या गाड्यांचे काही भाग आता मागवावे लागतात. त्या दिवसांत ऑफिसला जायची दुसरी सोय नसेल तर ही गाडी एकमेव गाडी म्हणून घेऊ नका.

कधी सोडायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण घेतानाच ठरवून ठेवलेलं बरं. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो यातलं काहीही गेलं तरी गाडी वाचते, हिशोब जमत असेल तर दुसरं इंजिन बसवता येतं. दाराखालच्या सिलमध्ये, जॅक लावायच्या जागी, सबफ्रेम आणि मागचा अॅक्सल जिथे बॉडीला अडकतो तिथे गंज आरपार गेला असेल तर मात्र थांबा. वरून पत्रा मारून ते झाकता येतं, अपघातात तो पत्रा काही धरत नाही. दरवर्षी गाडी लिफ्टवर चढली की या चार जागा टॉर्च मारून बघा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज टणक आला तर ठीक. भसका आवाज आला तर नव्या बुशची ऑर्डर रद्द करा आणि आधी पत्र्याचं काम जाणणाऱ्याकडून ती जागा उघडून बघा.